पेनाच्या गोंदकामाबाबत व पती मिळून आल्याबाबत

जबाब. नागपूर, दिनांक २७ एप्रिल १९८७

नाव सौ. पुष्पलता भ्र. रुपराव तिजारे, वय ३२ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा घरकाम व लाकडी पेनांना पॉलिश करणे, राहणार प्रताप नगर, नागपूर.

समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती रुपराव चंद्रभान तिजारे, वय ३८ वर्षे, यांच्यासोबत राहते. आम्हाला मूलबाळ नाही. पतीचे मूळ गाव मौदा. घराच्या पडवीत लाकूड फिरवून तासायची, विजेवर चालणारी एक खराद मशीन आहे. पती सागवान आणि शिसमाचे तुकडे आणून त्यांचे पेन करतात. खरादीचे काम ते करतात, चमक आणण्याचे काम मी करते. लग्नाला अकरा वर्षे झाली, तेव्हापासून असेच आहे. तयार पेन सीताबर्डीतील दुकानदार ओमप्रकाश विकतात.

माझे मोठे भाऊ आनंदराव सूतगिरणीत फिटर आहेत. त्यांनी १४ जानेवारीला या ठाण्यात अर्ज दिला की, पतीने भांडणात माझ्या उजव्या डोळ्यात रसायन टाकले आणि ते पळून गेले. तो अर्ज मला आज वाचून दाखवला. त्यातले पती निघून गेले एवढे खरे आहे. बाकीचे खरे नाही.

रसायन डोळ्यात कसे गेले असे विचारल्यावरून कामाची पद्धत सांगते. पूर्वी आम्ही पेनांना चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश करत होतो. हाताच्या घामाने ते पांढरे पडायचे आणि गिऱ्हाईक पेन परत आणायचे. मागच्या दिवाळीनंतर ओमप्रकाश यांनी लहान ट्यूबमधला झटपट चिकटणारा गोंद आणून दिला. पेनाची नळी मशीनवर फिरत असताना कागदाच्या घडीवर दोन थेंब घेऊन ते खालच्या बाजूने नळीला लावायचे. वाळायला वेळ लागत नाही. असे आठ-दहा हात द्यायचे. मग बारीक पॉलिशपेपर ओला करून घासायचे आणि पितळ घासायच्या पॉलिशने पुसायचे. लाकूड काचेखाली ठेवल्यासारखे दिसते. पहिले पेन झाले तेव्हा पती ते घेऊन अंगणात उन्हात बराच वेळ उभे होते. वाढलेले जेवण निवून गेले.

१२ जानेवारी, सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास एका पेनाचा पाचवा हात चालू होता. कागद संपला म्हणून चिंधी घेतली. चिंधी मी धरली होती आणि पती तिच्यावर ट्यूबमधून गोंद सोडत होते. गोंद जास्त पडला. सुती कापडावर हा गोंद जास्त पडला तर कापड एकदम तापते आणि धूर निघतो. आम्हाला ते माहीत नव्हते. माझी बोटे भाजली. ती चिंधी माझ्या हातातून ओढून काढायला पती झेपावले, त्यात त्यांच्या दुसऱ्या हातातली ट्यूब दाबली गेली आणि गोंद माझ्या उजव्या डोळ्यात उडाला. त्या वेळी भांडण नव्हते. आधीही झाले नव्हते.

चिंधी माझ्या जुन्या पातळाची होती. ती मीच फाडून घेतली होती. पती थांब, कागद आणतो म्हणत होते. हे मी आनंदराव यांना सांगितले नव्हते.

पतीने डोळ्यावर पाणी ओतले आणि रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले. पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ओढू नका, आपोआप सुटतील. नजर आहे की नाही ते तेव्हाच सांगता येईल. पती रात्रभर खाटेजवळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी आनंदराव आले. वऱ्हांड्यातून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "माह्या बहिणीचा डोया घेतला तुनं. तुले जेलात टाकतो मी." पती आत येऊन मला म्हणाले, "पाणी घेऊन येतो वं." खाटेजवळचा पाण्याचा गडवा भरलेला होता. ते परत आले नाहीत.

१६ जानेवारीला सकाळी पापण्या सुटल्या. डोळा लाल होता, पण समोरची खिडकी आणि तिचे गज दिसले. त्याच दिवशी दवाखान्यातून सुटून मी या ठाण्यात पती हरवल्याची खबर दिली. मौद्याला सासऱ्यांकडे जाऊन आले. तिथे ते गेले नव्हते.

मधल्या काळात उदरनिर्वाह कसा केला असे विचारल्यावरून सांगते की, मी मशीन चालवली. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातून डोळे चहूबाजूंनी झाकणारा चष्मा आणला. माझी खरादी चांगली नाही, नळ्या एका बाजूला जाड होतात. गोंदाचे हात मात्र बरे बसतात. आनंदराव दर रविवारी येऊन म्हणत, "विकून टाक वं ते मशीन." मी विकली नाही.

२३ एप्रिलला ओमप्रकाश घरी आले. रामटेकच्या एका मास्तरांनी शाईची कांडी बदलायला दुकानात आणलेले लाकडी पेन त्यांच्याजवळ होते. मास्तरांना त्यांनी दुसरे पेन देऊन हे ठेवून घेतले होते. टोपणाखाली तीन बारीक रेघा होत्या, तशा पती पाडतात. चमक अजिबात नव्हती. कोरे लाकूड, वर नुसते तेल. गडाच्या पायथ्याशी धोंडबा नावाचे खरादी पोळपाट-लाटणी करतात, त्यांच्याकडून घेतले, असे मास्तर म्हणाले होते.

२५ एप्रिलला, शनिवारी, मी बसने रामटेकला गेले. धोंडबा, वय अंदाजे साठ, दुकानाबाहेर बसले होते. पती आत मशीनवर होते. मला पाहून त्यांनी मशीन बंद केली आणि खाली पाहूनच विचारले, "काहून आली वं तू? कोणासंगं आली?"

मी म्हटले, "एकटी आली. बसनं."

"रस्ता दिसला तुले?"

"दिसला."

"दोन्ही डोयानं?"

"दोन्ही."

तेव्हा पतीने वर पाहिले. त्यानंतर काय झाले असे विचारल्यावरून सांगते की, धोंडबा चहा सांगायला गेले, ते उशिराने आले.

घरी चला म्हटले तर पती म्हणाले, "तो गोंद घरी हाये. माह्या हातानं पुन्हा काही झालं तर?" गोंद, चष्मा आणि कागद मी पिशवीत नेले होते. ओमप्रकाश यांनी मला दिलेले मास्तरांचे कोरे पेन मी धोंडबा यांच्या मशीनवर चढवले, चष्मा लावला आणि पहिला हात दिला. पहिल्या दोन हातांना पती दारात उभे होते. तिसऱ्याला आत आले. म्हणाले, "कागद लय दाबून राहिली तू." चौथा हात त्यांनी दिला. चष्मा एकच होता, तो मी त्यांना दिला आणि भिंतीपर्यंत मागे सरकले. पुढचे हात त्यांनीच दिले. धोंडबा यांनी तयार पेन पाहून, हे दोन-चार लाटण्यांना पण होईल का, असे विचारले.

रविवारी दुपारी आम्ही घरी आलो. आनंदराव नेहमीप्रमाणे आले होते. मी त्यांना चिंधीची हकीकत सांगितली. संध्याकाळी पतीने मशीन लावली तेव्हा, पट्टा ढिला आहे, असे म्हणून आनंदराव यांनी तो स्वतः कसून दिला. आज ते आणि पती ठाण्याबाहेर एकाच बाकावर बसले आहेत. अर्ज परत घेण्याबाबत ते स्वतः लिहून देणार आहेत.

माझी पतीविरुद्ध किंवा आणखी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पती हरवल्याची खबर बंद करावी. गोंदाचे काम पुढे करणार का असे विचारल्यावरून सांगते की, करणार. आता दुसरा चष्मा आणला आहे, कागद भरपूर आहे, आणि सुती कापड पडवीत आणायचे नाही असे आमचे ठरले आहे.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मग कागद हातात देऊन, डावा डोळा झाकून स्वतः वाचा, असे म्हणाले. मी उजव्या डोळ्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पतीचे वय अठ्ठावीस लिहिले गेले होते, ते अडतीस करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे, बरोबर आहे.

सही: पुष्पलता रुपराव तिजारे