दुसऱ्यानं धरलेलं काम

माझं गाव वाटूर, म्हंजे तुम्ही ज्या फाट्यावर उतरलात ना ताई, तिथून आत, बौद्धवाड्यात चौथं घर. बाप परतूरला जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलायचा, माय खुरपायला जायची, आन मी नववीत नापास झालो तवा बापानं कान धरून मला अजीजभाईच्या पुढं नेऊन उभं केलं. अजीजभाई परतूरचे, फरशीचे मिस्त्री, माझ्यापेक्षा दहा वर्षानं मोठे. बाप म्हनला, भाई, हाडं माझी, कातडं तुमचं, पन याच्या हाताला काम द्या. तवापासून आम्ही दोघं संगं. ईदला मी त्यांच्या घरी, चौदा एप्रिलला ते आमच्या वाड्यात, याच्यात काही मोठेपना न्हाई, हितं समद्यांचंच तसं व्हतं.

आमच्या धंद्यात लेव्हल पाइप असतो, पानी भरलेली पारदर्शक नळी. एका टोकाला एक मानूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोन्हीकडचं पानी थांबलं की तिथं पेन्सिलीनं निशानी करायची. एकट्याचं कामच न्हाई ते. एका टोकाला कायम भाई आन दुसऱ्या टोकाला मी. भाईची शाळा उर्दू, तर ते भिंतीवर आकडे बी उर्दूतच लिहायचे, मंग मी बी वाचायला शिकलो, न शिकून सांगतो कुनाला.

आन भाईचा एक कायदा व्हता. दुसऱ्या मिस्त्रीनं धरलेलं काम अर्ध्यात पडलं असंल तर मालकानं किती बी गळ घातली तरी त्याला हात लावायचा न्हाई. पहिले जाके उसकू पूछ. तो व्हय म्हनला तरच. परतूरला एका सराफाचं काम आम्ही याच्यापायी सोडलं, दोन महिने घरी बसलो, बायको मला काय काय बोलली ते नका लिहू.

मंग ती इस्रायलची भरती निघाली. तिकडं लढाई चालू झाली व्हती आन पॅलेस्टाइनची जी मानसं बांधकामावर यायची त्यांना आत येनं बंद केलं, म्हनून हिकडून मिस्त्री न्यायला लागले. माझी पोरगी नर्सिंगला, तिचा खर्चा. परीक्षेत फरशी बसवून दाखवली, पास झालो. चौकात पोरं तर येडी झाल्ती, एक म्हनतो चाललास ते बरं केलंस, दावून दे त्या पॅलेस्टाइनवाल्यांना, दुसरा माझ्याकडं बघून पानी थुंकतो. आता काय सांगू तुम्हाला, मी काय तोफ घेऊन चाललो व्हतो? मी चाललो व्हतो फरशी ठोकायला.

भाईकडं सांगायला गेलो. ते ओट्यावर बसल्ते. ऐकून घेतलं आन म्हनले, दूसरे का काम बंद पड्या, और तू जाके उस पे बैठता क्या? मला राग आला. मी म्हनलो, भाई, सरळ सांगा ना, तुमच्या धर्मवाल्याचं तुम्हाला लागतं. बस. तेवढंच म्हनलो. भाई उठले आन आत गेले. चहा चुलीवर व्हता, तो कोनी आनला न्हाई. मी दोन दिवसांनी गेलो तसाच, न भेटता. ते वाक्य काही माझ्या तोंडात पुन्हा माघारी आलं न्हाई.

तिकडं इमारती चांगल्या, मानसं कडक, हल्ल्याचा भोंगा वाजला की जिन्याखालच्या पक्क्या खोलीत पळायचं, सवय झाली. लेव्हलला लेझरची डबी, एकटा मानूस बटन दाबून मोकळा. पहिल्याच आठवड्यात मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथं एका खोलीत फरशीची पहिली ओळ बसवलेली, दोरी खिळ्याला तशीच तानलेली, तिच्यावर धूळ, कोपऱ्यात रबरी हातोडी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. आन भिंतीवर पेन्सिलीनं आकडे. उर्दूत! त्यांची अरबी, म्हनून चाराचा आन सहाचा आकडा थोडा निराळा, पन बाकी बिलकुल भाईवानी. मी वाचले ते. खाली बसलो, ताई. भाई धर्माचं बोलतच नव्हते, ते धंद्याचं बोलत व्हते, जे मला पंधराव्या वर्षापासून सांगून राह्यले व्हते. आन मी त्यांना काय बोलून आलो! लई लाज वाटली.

तिथं साहित्याच्या खोलीवर एक म्हातारे, सॅमसन काका. ज्यू मानूस, पन मराठी बोलायचे, कोकनातली, नवव्या वर्षी अलिबागकडून गेल्ते. त्यांच्या घरी तेलाचा घाना व्हता, शनिवारी बंद. त्यांना मी इचारलं, काका, ती ओळ कोनाची? काका म्हनले, यूसुफची, आता त्याला आत येनं बंद. बारा वर्षं आम्ही एकत्र जेवलो रे. मी म्हनलो, त्याचा नंबर हाये? हाये. मंग लावा, मला त्याला एक इचारायचंय. काका म्हनले, न्हाई. त्यांचा नातू लढाई सुरू झाली त्याच दिवशी मारला गेल्ता.

मी ओळीला हात लावला न्हाई. बाकी खोल्या केल्या, ती ठेवली. मुकादम वरडला. शेवटी त्यानं सांगितलं, उद्या करत न्हाईस तर सामान बांध. पोरीचा चेहरा पुढं आला. मी काकांच्या पाया पडलो. जेवनाच्या सुट्टीत काकांनी फोन लावला.

आधी दोघं त्यांच्या भाषेत लई वेळ बोलले, काका मधून मधून मला मराठीत सांगायचे. यूसुफच्या मेव्हनीचं घर गाझ्यात पडलं, ती आन तिची लेकरं त्याच्यातच गेली. काकांनी नातवाचं सांगितलं. मंग आवाज चढले. काका म्हनले, माझा आजा कोकनात घान्यापुढं बसून या मातीचं नाव घेऊन प्रार्थना करायचा, आमच्या पुस्तकात हाये, देवानं दिलीय. यूसुफ म्हनला, देव आमचा बी हाये, पुस्तक बी हाये, आन तुमच्या इमारतीमागं टेकडीवर जे दगडी बांध हायेत ते माझ्या आज्यानं रचले, खिडकीतून बघ. मी बघितलं. व्हते बांध. आमच्या आष्टीच्या रस्त्याला एक गायरान हाये, त्याच्यावर तिघांचा दावा आन तिघांकडं कागद, मी ल्हानपनापासून बघून राह्यलोय, पन तिथं निदान रातची कोनी मानसं मारत न्हाई. यांच्यातलं कोन खोटं बोलत व्हतं असं मला वाटलं न्हाई. मी बोलनारा कोन?

मंग काकांनी माझं इचारलं. हा इंडियाचा मिस्त्री म्हनतो, तुझी ओळ पुढं न्यायला तुझी परवानगी पायजे. मंग तो बोलला, आन काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आन मला सांगितलं. म्हनतो, परवानगी देत न्हाई. ते काम माझं हाये. पन त्याला म्हनावं, मोरीच्या कोपऱ्यात स्लॅब दबलाय, माझ्या निशानीवर जाऊ नको, तिथं उतार जास्ती दे, न्हाईतर पानी साचंल.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ पुढं नेली. मोरीचा उतार तीनदा तपासला. त्याची हातोडी काकांनी कपाटात ठेवली.

दीड वर्षानं परत आलो तर सामान टाकून पहिले भाईकडं. ते ओट्यावरच. मी म्हनलो, भाई, मी तवा घान बोललो, माफ करा. मंग मी समदं सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, त्यानं व्हय म्हनलं असं, कोन तपासायला जानार व्हतं? पन सांगितलं, इचारलं, त्यानं न्हाई म्हनलं, तरी मी केलं. भाई जमिनीकडं बघत व्हते. मंग इचारलं, उतार बराबर दिया? मी म्हनलो, दिया भाई. किती तरी वेळानं आतून चहा आला.

आता आष्टीला एका गुरुजीच्या घराचं काम चालू हाये. लेझर आनलीय मी तिकडून, पिशवीतच पडलीय. भाईचे गुडघे गेलेत, बसवत न्हाई, पन पाइपाचं एक टोक तेच धरतात. तिकडचं अजून काही मिटलं न्हाई, बातम्या लागल्या की आम्ही दोघं संगं बघतो. त्या घरात कोन राहत असंल, मला ठावं न्हाई. मोरीत पानी साचत नसंल, एवढं मातर सांगतो.