लाँगबोचा दांडा, रिकर्व्हची पाती

नाही नाही, आधी मला बोलू द्या, मग हसा! अहो, दोन बोल्ट... वर एक, खाली एक! एवढ्या कामाला कुणाला आठ दिवस लागतात का? मला लागले!

तुम्हाला सांगतो, सात वर्षं परदेशात शिकलो, तिथेच तिरंदाजीचं वेड लागलं, आणि चांगली नोकरी सोडून परत आलो. कशासाठी? तर आपल्या पोरांनी मोबाइल खाली ठेवून धनुष्य उचलावं म्हणून! शाळेमागचं मैदान मागायला मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो, पाऊण तास तळमळीने बोललो. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "भाषण छान झालं. पुढच्या शनिवारी पाच बाण मारून दाखवा. एक जरी निशाणाच्या फळीला लागला तर मैदान तुमचं. नाहीतर तिथे स्कूलबस उभ्या राहतील."

आता माझं धनुष्य होतं तीन सुट्या भागांचं. मधे लाकडी दांडा, वर-खाली लवचीक पाती. दांडा लाँगबोचा, म्हणजे साध्या लांब धनुष्याचा. पाती विमानाच्या प्रवासात मोडली. नवी मागवली तर आली रिकर्व्हची, टोकाशी पुढे वळलेली! दुकानदार फोनवर म्हणतो कसा, "बसतात हो सर! दोन बोल्ट तर आहेत!"

बसतात? भोकंच जुळेनात! धावत गेलो सुतारकाकांकडे. काका म्हणाले, "ठेवून जा. दोन बोल्ट तर आहेत." संध्याकाळी जातो तर... पाती चक्क उलटी बसवलेली! "अरे, टोकं भलतीकडेच वळली होती," काका म्हणतात, "कारखान्याची चूक दिसते. मी सरळ केली." सरळ केली! मी तिथेच भुशात बसलो. मग उठलो आणि त्या वळणात ताकद कशी साठते यावर अर्धा तास बोललो. काका कान कोरत ऐकत होते. "म्हणजे उलटं दिसतं तेच सुलटं? मग हे आधी बोलायचंस ना!"

संपलं? छे! पाती बसतात तिथला लाँगबोच्या दांड्याचा उतार वेगळा, या पात्यांना लागतो वेगळा. दोरी मुठीला इतकी खेटली की बाण सोडला रे सोडला, मनगटावर सण्णकन फटका! दहा बाण, दहा फटके. घरी बाबा म्हणतात, "एवढं शिकून आलास ते हे हात सुजवून घ्यायला?"

मग काकांनी पाचरीची युक्ती काढली. दांडा आणि पात्याच्या मधे लाकडाची पाचर सरकवायची, बोल्ट आवळायचे, दोरी चढवायची, एक बाण भुशाच्या पोत्यात मारून बघायचा, धप्प! "अजून कागदभर तासू." पुन्हा सगळं सोडवायचं, तासायचं, आवळायचं, धप्प! रोज! आणि मी? स्टुलावर बसून वर्गाची उद्दिष्टं लिहीत होतो... बावीस झाली! "काका, होईल ना हो?" "दोन बोल्ट तर आहेत, न व्हायला काय झालं?" धप्प!

शनिवार उजाडला. बाई आल्या, शिक्षक आले, बाबासुद्धा आले. आधी दोन शब्द बोललो, वीस मिनिटं. मग पहिला बाण... मातीत. दुसरा भिंतीपलीकडे. अहो, धनुष्य एकदम झकास झालं होतं, दोरी आता मनगटाला शिवतही नव्हती, पण मनगटाला हे कोण सांगणार? बाण सोडायच्या क्षणी ते आपलं आपण दचकायचं! तिसरा गेला. चौथा गेला. बाई घड्याळ बघायला लागल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर बसगाड्या रांगेत उभ्या!

तेवढ्यात काका पाना घेऊन पुढे आले. "दे इकडे. पाचर हलली असेल, बघतो." धनुष्य घेतलं, शेवटचा बाण लावला, ओढला, सोडला... धप्प! फळीच्या बरोब्बर मधोमध!

"पाचर ठीक आहे," काका म्हणाले.

मिळालं हो, मैदान मिळालं! सोमवारपासून वर्ग सुरू, चाळीस पोरं येतात, मोबाइल दप्तरात ठेवून. बाईंनी फलकही लावलाय. प्रशिक्षक कोण? सुतारकाका! मी भिंतीपलीकडे पडलेले बाण शोधून आणतो. परवा कुणीतरी काकांना विचारलं, हा कोण? काकांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "नवीन आहे. पण मुलगा होतकरू आहे."