रखमामावशीची दोन वाक्यं

आगरदांड्याला दिघीची बोट अजून लागायची होती. तिची वाट बघत धम्मदीप गुरुजी रखमामावशीच्या टपरीवर चहा पीत होते, म्हणजे चहा नावापुरता. कान शेजारी उभ्या असलेल्या, टपरीवाल्यांच्या सरकारी मदत योजनेच्या साहेबाकडे होते.

"मावशी, सोमवारी कार्यक्रमात दोनच वाक्यं बोलायची. लॉकडाऊनमध्ये सरकारी मदत मिळाली. म्हणून माझी टपरी उभी आहे."

"मदत कशी मिळाली, ते बी सांगू?"

"त्याची काय गरज?"

"तुमी बोललात, चालू धंद्याचा फोटो पायजे. टपऱ्या तर सगळ्या सरकारनंच बंद केलेल्या. मी फोटोपुरती उघडली, तर हवालदारानं दंड मारला."

"जुनं झालं ते."

"फोटो तुमाला पटला न्हाय. म्हणून अर्जाला दंडाची पावती जोडली. ती बघून बोललात, व्हय, धंदा चालू हाय. आनि मंजूर केलंत."

"अहो, हळू बोला!"

"हळू कशाला? सोमवारी माईकच हाय."

"राहू द्या, मावशी. दुसऱ्या कोणाला तरी बघतो."

"आता कसं? पत्रिकेत माझं नाव छापलंय, तुमीच दाखवलंत. मी येनारच."

"टपरी जेट्टीच्या जागेत आहे तुमची. उद्या हलवायला लागली तर? एवढं ध्यानात ठेवा."

"ठेवलं की. मग तीन वाक्यं झाली, साहेब."

बोट धक्क्याला लागली. गुरुजींनी आणखी एक चहा सांगितला.