फ्लॉसची जागा

वेल्सच्या डोंगरातल्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या मैरच्या शेजारी म्हातारा मेंढपाळ एमरिस आणि त्याची थोरली बहीण नेस्ता बसली होती. पायांशी त्याची गाभण कुत्री, फ्लॉस.

"ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत कुत्रीचे लाड?" नेस्ताने भावाला विचारलं.

"लाड नाहीत. दोन वेळा ताप मोजतो. पारा उतरला, की दिवसभरात पिल्लं."

"मग गोठ्यात मोज की."

"तिचं विण्याचं खोकं स्वयंपाकघरात ठेवलंय, शेगडीपाशी."

"तुझ्या मेगनने जन्मात कधी कुत्रं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बायकोला जाऊन वर्षही झालं नाही, एमरिस."

"शेवटी तिनेच फ्लॉसला हाक मारून पलंगापाशी घेतलं होतं."

"ते आजारपणात, रे."

"असेल. पण परत बाहेर काढ, असं काही ती मला सांगून गेली नाही."