शेवटच्या गाण्यातला कीबोर्ड

हॅलो?… हो, बोल गं. नाही, आतल्या खोलीत आहे तुझा दादा. खुर्चीत बसलाय, खिडकीकडे तोंड करून… हो, दार लोटलंय. बोल तू.

हं… हं… अगं, पण अल्बम पूर्ण झाला ना? मग आता कसलं रेकॉर्डिंग?… कुणाकडून?

थांब, थांब. पुन्हा सांग.

दादाचा कीबोर्ड काढून दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायचा?

अगं, आधी ऐक तरी माझं. तू गाणारी, तुझा आवाज राहणार. ड्रमवाला राहणार, गिटारवाला राहणार. आणि ज्याने ही सगळी गाणी बांधली, त्याचेच हात काढून टाकायचे?… माहितीये मला हात थरथरतात. हा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आधी मलाच सांगितलं होतं… हो, रडलो होतो दोघी. पण म्हणून…

कुठे चुकतोय?… शेवटच्या गाण्यात? अगं, ते तर तुमच्या आईंवर केलेलं गाणं. त्यात ना ड्रम, ना गिटार. नुसते लांब लांब सूर आणि मागे वारा. मी त्याला म्हटलंसुद्धा, लोक विचारतील हे रॉक आहे की डोळे मिटून बसायचं संगीत… त्यात कसली आलीय घाई? सूर धरून तर ठेवायचेत… धरवत नाहीत? म्हणजे?

बोट सुटतं. हं. मधेच तुटतो सूर.

मला नाही जाणवलं… नाही जाणवलं म्हणते ना. तसंही ते गाणं ऐकताना धड श्वास घेववत नाही माणसाला.

नाही हं, मी नाही सांगणार त्याला. तूच ये आणि तोंडावर सांग. बोलायच्या आधी सूर ओळखायला शिकवलं त्याने तुला…

काय?

दादाने सांगितलं? स्वतः?

कधी आला होता स्टुडिओत?… व्यायामाच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून टॅक्सीने गेला, तेव्हा? हो, उशीर झाला होता त्या दिवशी. गर्दी होती म्हणाला.

आणि त्या नव्या वाजवणाऱ्या मुलीच्या शेजारी बसून शिकवलं? सगळी गाणी?… ओरडला तिच्यावर?… हसलाही?

नाही, बरं वाटलं ऐकून. इथे हसत नाही हल्ली.

मग मला कशाला विचारतेयस, काढू का म्हणून?… अच्छा. वहिनीला सांगायचा धीर होत नाही म्हणाला. म्हणून तुला पुढे केलं.

म्हणजे… वाजवून झालंय? त्याचं जुनं?… पुसलं. त्यानेच पुसायला लावलं. समोर बसून.

अगं, मग काल तू जे पाठवलंस ते…

म्हणजे ते तिचं वाजवणं होतं.

काल संध्याकाळी आम्ही दोघांनी ऐकलं ते. दिवाही लावला नाही. सुरुवातीचा तो ऑर्गन, पाण्याचा आवाज, सगळं, शेवटपर्यंत. संपल्यावर मी त्याचे हात हातात घेतले. म्हटलं, डॉक्टर काही म्हणोत, या हातांतलं काही गेलेलं नाही.

काय म्हणणार? नुसती मान हलवली… नाही, हात काढून घेतले नाहीत.

रडू नकोस गं. तुझी काय चूक?… घाला ना, तिचंच नाव घाला. वाजवलंय तिने. संगीत त्याचं, कीबोर्ड तिचा… हो, त्याला ते तसंच हवं असणार.

नाही, मी काही विचारणार नाही. अल्बम आला की त्यावर नाव वाचेनच मी. तो बघेल मला वाचताना. मग काय बोलायचं ते बोलू. तोवर राहू दे त्याला वाटत, की हिला कळलं नाही.

एक मिनिट… आले, आले. बस तू तसाच.

ठेवते गं. डॉक्टरांकडे निघायचंय आणि शर्ट अडकवून बसलाय केव्हाचा. बटणं लावून द्यायचीयत… हो, सांगते तुझा फोन होता म्हणून. सहज केला होता म्हणते. ठेवते.