फोनवरचे मास्तर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"ताई, तुझी फोनवरची शिकवणी कुठवर आली?"

"अपूर्णांकांपाशी गाडी अडलीय. ते एआय मास्तर आपल्याला येतं तिथूनच पुढे शिकवतात."

"मग अडलं कुठे?"

"सकाळी माझं सगळं बरोबर येतं. दुसऱ्या दिवशी फोन उघडला की मास्तर म्हणतात, काल संध्याकाळी तुम्ही बरंच विसरलात, पुन्हा सोप्यापासून घेऊ."

"संध्याकाळी तर तू फिरायला जातेस."

"हो ना. फोन घरीच असतो."

"आणि घरी कोण असतं?"

"हे असतात. बातम्या बघतो म्हणतात."

"म्हणजे भाऊजी? गणित तुझ्या डोक्यात शिरायचं नाही, असं चाळीस वर्षं म्हणणारे?"

"तेच."

"मग विचार की तोंडावर. इतकी वर्षं ऐकून घेतलंस."

"विचारलं तर शिकणंच सोडून देतील. हल्ली मी सकाळी दोन-तीन उत्तरं मुद्दाम चुकवते."

"ते कशाला?"

"मास्तर फार पुढे गेले, तर संध्याकाळी यांना जड जातं."