दाजींचा साखरेचा कोटा

न्हाई, न्हाई, उतरवूच नका. तो खोका टेंपोतच राहू द्या, सुमंत सायेब. बाकीचा माल ठेवा — लिंबाचं ठेवा, संत्र्याचं ठेवा, साधा सोडा ठेवा, कोण नको म्हणतंय — पण तो रुपेरी डबा माझ्या दुकानात ठिवायचा न्हाई. डायट का काय ते. नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटतंय, आणि चांगलं पाणी न्हवं, उलटीच्या आधी सुटतंय तसलं. खपत न्हाई म्हणून म्हणत न्हाई मी. खपत हुता की. तासगावच्या स्टँडावर एवढी दुकानं, पण तुमचा डायट फकस्त ह्या आप्पासोच्या दुकानातनं उठत हुता, व्हय का न्हाई? आणि तुमी आपलं सांगलीच्या हापिसात सांगत असशीला, आप्पासोंकडं लय मागणी हाय म्हणून. मागणी कसली डोंबलाची. एक माणूस पीत हुता. एकच. बसा त्या बाकड्यावर. सातारा गाडी याय अजून येळ हाय, तवर मलाबी काम न्हाई.

माझं दाजी. शालूअक्काचं मालक. सुभेदार नानासो — आख्खी जवानी सरहद्दीवर काढलेला गडी, आता साताऱ्यात घर हाय. कडक माणूस, बरं का. रिटायर झालं आणि वरसाच्या आत साखर निघाली रक्तात, तर दुसऱ्या कुणी रडारड केली असती. दाजींनी न्हाई. त्या दिवसापास्नं चहा बिनसाखरेचा. पहाटं अजिंक्यताऱ्याची चढण. लग्नात वाढपी जिलबी घेऊन आला की पानावर असा हात आडवा — आणि तो हात एकदा आडवा झाला की कुणाच्या बाची ताकद न्हाई. डाक्टर म्हणायचा, समदं पेशंट असं असतं तर माझा दवाखाना बंद पडंल. मला सांगा, असल्या माणसाला काय कमी हुतं? कायबी न्हाई. तोंड कडू हुतं एवढंच. आणि तोंड कडू हाय म्हणून माणूस काय मरत न्हाई.

मग संक्रांतीच्या आधी तुमी आला. आठवतंय का? आठवायला पायजे. गळ्यात टाय, हितंच हुबा राहून मला म्हणाला, आप्पासो, नवीन हाय, साखरेचा कण न्हाई, शुगरवाल्यांनी बिनधास्त प्यावं. बिनधास्त — ह्यो शब्द तुमचा. दाजी आतल्या खुर्चीत बसलं हुतं, बेदाण्याच्या सौद्याला कुणाबरोबर तरी आलं हुतं. त्यांनी ऐकलं. तुमी गेल्यावर म्हणालं, आप्पा, बघू की रं ते काय हाय. मी थंडगार डबा दिला. आता सायेब, मी त्या माणसाला पंचवीस-तीस वरसं बघतोय, अक्काच्या लग्नापास्नं. पण त्या दिवशी पयला घोट घेतला आणि त्यांनी डोळं मिटलं ते उघडंनात. मला वाटलं ठसका लागला. तर म्हणालं, आप्पा, लय दिसांनी तोंड गोड झालं रं. मला एवढा आनंद झाला — काय सांगू तुमाला, मी आख्खा खोकाच त्यांच्या गाडीवर चढवला.

मग काय, दर आठवड्याला एक खोका. सातारा गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा, तिकडं दाजी स्टँडावर हुबं. पैसं? घरच्या जावयाकडनं कोण पैसं घेतंय ओ? आमच्यात जावयाला न्हाई म्हणत न्हाईत. त्यानं ताटातलं मागू दे न्हाईतर बैलजोडी मागू दे. आमचा बा जाताना मला म्हणाला हुता, शालूच्या मालकाला ह्या दारातनं मोकळ्या हातानं धाडू नको. न्हाई धाडला. मोकळ्या हातानं एकदाबी न्हाई धाडला.

मीबी पिऊन बघितलं की मधी एकदा. थूः. सुरवातीला गोड, आणि मग जिभेच्या मागं ते गोड चिकटून बसतंय, जाता जात न्हाई, पैशाचं नाणं चघळल्यागत. वर ढेकर. संध्याकाळपातुर तीच चव. आणि एक सांगतो, ह्या फळीवर डबा सांडला हुता, तसाच राहिला रातभर. सकाळी बघतोय तर एक मुंगी न्हाई. एक न्हाई. संत्र्याच्या बाटलीचा थेंब पडला तर हितं जत्रा भरतीया. म्हटलं, मुंगीला कळतंय ह्यात काय न्हाई ते, आमच्या सुभेदाराला कळंना. हसू नका. मला किळस आलीया त्याची, खरंच किळस आलीया.

आता तुमी म्हणशीला, त्यात साखर न्हाई तर मग बिघडलं काय? हां. हितंच तर गोम हाय. दाजी फौजी. फौजी माणसाचं डोस्कं कसं चालतंय, तर कोट्यावर. कँटीनमधी साखरेचा कोटा, साबणाचा कोटा, रमचा कोटा — ह्या महिन्यात उचलला न्हाई तर म्हणायचं, आपला कोटा शिल्लक हाय. शिमग्याला मी साताऱ्याला गेलो, तर दाजी पुरणपोळी खात बसलेलं. ताटात दोन आणि शेजारी तुमचा डबा. मी बघतच राहिलो. तर मलाच समजावून सांगायला लागलं, “आप्पा, दिवसभर ह्यो डबा प्यालो, म्हंजे साखर घेतली न्हाई. म्हंजे आजचा कोटा शिल्लक. शिल्लक कोटा उचलायला कुणाची परवानगी लागत न्हाई.” एवढं बिनतोड बोलले, की मलाबी पटलं. पटलं, काय करता? हिशेब चुकला कुठं ते दिसंनाच. आठ वरसं ज्यानं जिलबीवर हात आडवा धरला, त्यानं एका डब्याच्या जोरावर हात काढून घेतला.

मग तहान लागायला लागली. पाण्यानं भागंना, म्हणून डबा. रातचं उठायचं, लघवीला जायचं, आलं की डबा. झोप न्हाई, मग चिडचिड — शालूअक्कावर कधी आवाज चढवला न्हवता त्या माणसानं, ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सारायला लागलं. पहाटंची चढण बंद. पाय जड झालेत म्हणायचं. अक्का फोनवर म्हणायची, आप्पा, ह्यांचं तोंड गोड झालंय पण माणूस कडू झालाय रं. आणि मी? मी म्हणायचो, उन्हाळा हाय अक्का, उन्हाळ्यानं हुतंय. आणि शनवारी खोका गाडीवर.

अधिक महिना आला ह्याच उन्हाळ्यात, तुमाला म्हायती असंल. अधिकात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचं, धोंडं खायाला घालायचं — पुरणाचं, तुपात बुडवून. बा गेल्यापास्नं ते माझ्याकडं. गेल्या दोन अधिकांत दाजी आलं, पाय धुवून घेतलं आणि धोंड्याच्या ताटावर हात आडवा. शालूअक्का माजघरात जाऊन रडायची. जावई गोड न खाता उठला की माहेर उपाशी राहिल्यागत वाटतंय बायकांना. पण यंदा — यंदा दाजी फोनवरच म्हणालं, आप्पा, यंदा कोटा शिल्लक हाय, धोंडं जास्त करा. अक्का चार दिवस आधी आली. पुरण तिनंच वाटलं. ओव्या म्हणत हुती ओ पाट्यावर. कित्येक वरसांनी ऐकल्या मी.

तर पाटावर दाजी बसलं, खाली पितळंची परात, मी तांब्यानं पाणी घालतोय. जावयाचं पाय मेव्हण्यानं धुवायचं असतंय, हातानं चोळून. उजवा धुतला. डावा हातात घेतला, आणि तळव्याला — सायेब, ऐका. करंगळीच्या बुडाला चांगलं रुपायाएवढं भोक. कडंनं काळं. आणि वास. अंगणात तुपाचा वास, उदबत्तीचा वास आणि परातीतनं हा वास. माझं बोट त्यात गेलं हुतं. आख्खं बोट, आणि दाजींना कळलंबी न्हाई, ते आपलं अक्काकडं बघून हसत हुते. मी वर बघितलं. तवा त्यांनी माझं तोंड बघितलं, मग पायाकडं बघितलं. हळूच म्हणालं, “बूट चावलाय. तिला बोलू नको, आज तिचा दिवस हाय.” आणि अक्का दारात ताट घेऊन हुबी, नाकात नथ, तोंडावर एवढं हसू —

मी काय म्हणत हुतो? हां. डबा. डबा हुताच की पाटाजवळ, थंड करून ठेवलेला. मीच ठेवला हुता. पाय पुसला. कुंकवाचं बोट वढलं. धोंडं वाढलं. किती खाल्लं, किती वाढलं, ते जाऊ द्या. तूप वाढताना माझ्या हाताला तो वास येत हुता, दोनदा साबण लावला हुता तरी. बास झालं ते.

मग ताप. मग सांगलीला दवाखाना. डाक्टर तरुण हुता, तुमच्याएवढाच. मी त्याच्या अंगावरच गेलो, म्हटलं, त्या डब्यानं केलं हे. तर म्हणाला, न्हाई ओ, डब्यात साखर न्हाई, डब्यानं पाय सडत न्हाई. काका खात काय हुते ते सांगा. आणि औषधाच्या गोळ्या कधी सोडल्या ते सांगा. गोळ्या! गोळ्याबी सोडल्या हुत्या सुभेदारांनी, साखर बंद हाय म्हटल्यावर गोळी कशाला, म्हणून. म्हंजे दोष कुणाचा मग? डब्याचा न्हाई, तुमचा न्हाई, तुमी खरंच सांगितलं हुतं, साखर न्हाई म्हणून. दोष हवेतच राहिला. आणि पाय गेला. घोट्याच्या वरनं. जो पाय मी धुतला तोच.

अजून ऐका. डाक्टर म्हणाला, पथ्य पाळलं तर दुसरा पाय राहील. न्हाई पाळलं तर तोबी जाईल, आणि मग नुसत्या पायावर भागंल असं सांगता यायचं न्हाई. दाजी पाळतात आता. दवाखान्यातनं आल्यापास्नं समदं बंद, तो डबाबी बंद, अक्का चमच्यानं मोजल्यागत वाढती. पण तोंड पडलंय म्हणं. कुणाशी बोलत न्हाईत. नुसतं भिताडाकडं बघत बसत्यात. भाऊबिजेला अक्का येऊ शकली न्हाई, म्हणून आज येणार हाय. काल फोन आला. म्हणाली, आप्पा, ह्यांनाबी घेऊन येते, घरात बसून येडं हुतील. आणि मग म्हणाली — आवाज बारीक केला तिनं — म्हणाली, दवाखान्यातनं आल्यापास्नं पयल्यांदा आपणहून बोलले. काय बोलले म्हायतीय? आप्पाकडं डबा असंल का.

एक डबा, सायेब. एका डब्यानं पाय सडत न्हाई, मला ठाऊक हाय, डाक्टरनंच सांगितलंय. पण एक डबा प्यालं की कोटा शिल्लक राहतोय. आणि शिल्लक राहिला की त्यांना उचलायला लागतोय. आणि मी — तुमी एवढं ऐकलं म्हणून सांगतो — मी न्हाई म्हणू शकत न्हाई त्यांना. येत न्हाई मला. लय सराव केला सकाळपास्नं, ह्या गल्ल्यावर बसून. ‘दाजी, न्हाई मिळणार.’ नुसतं पुटपुटायचं, तरी जीभ वळंना. ते हितं येऊन त्या खुर्चीत बसतील, कुबडी भिताडाला लावतील आणि हात पुढं करतील. दुकानात डबा असला तर माझा हात फ्रीजकडं जाईल. म्हणून नको म्हणतोय. कळलं का आता? तुमच्या कंपनीवर माझा राग न्हाई. म्हंजे हाय, पण —

थांबा. ती बघा, वळली गाडी. सातारा–तासगाव. तो खोका झाका आधी, ताडपत्री टाका त्याच्यावर, रुपेरी लांबनं चमकतंय. ती अक्का उतरली. कंडक्टर हात द्यायलाय बघा मागनं… आधी कुबडी आली खाली. व्हय, तेच. केवढं वाळलंय हो माणूस. न्हाई, जाऊ नका. बसा. हितंच बसा, सायेब, माझं एक काम करा. तुमीच त्यांना सांगितलं हुतं ना, बिनधास्त प्या म्हणून, तुमचं तोंड त्यांच्या ध्यानात हाय. आता तुमीच सांगायचं. विचारलं की सांगायचं, कंपनीनं तो माल बंद केला. आता कुठंच मिळत न्हाई, साताऱ्यात न्हाई, सांगलीत न्हाई. एवढंच. तुमचं ऐकतील ते.

या दाजी, या. अक्का, तू हो पुढं, घरात जा, चहा टाकलाय. दाजी, सावकाश, ही पायरी… हां, बसा. आपलीच खुर्ची हाय. हे सुमंत सायेब, कंपनीचं. वळखलं न्हवं? … काय म्हणालासा दाजी?

…ते ह्यांनाच विचारा. सांगा की सायेब.

सायेब, सांगा की.